पणजीतली बाहेरची खोली

पणजीच्या मळा या भागातलं आमचं घर विकल्यापासून तिथे जायचं म्हटलं की उतरायचं कुठे, हा विषय आधी निघतो. मावशी सांताक्रुझला, चुलतभाऊ ताळगावात. दोघंही फोनवर पहिलं हेच विचारतात, "आमगेर कित्याक येवंक ना?" म्हणजे, आमच्याकडे का नाही आलात? त्यांचा आग्रह खरा असतो. पण आम्ही आता आईसकट पाच जण. आईला रात्री उठावं लागतं, गुडघ्यामुळे तिला कमोड हवा, मुलांची झोपायची वेळ वेगळी. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एवढं बिऱ्हाड नेऊन घालणं मला पटत नाही. म्हणून आम्ही शहरातच, अठरा जून रस्त्याच्या जवळपास, हॉटेलात सुइट घेतो, म्हणजे झोपायची खोली आणि तिच्या बाहेर बसायची वेगळी खोली.

गोव्यात जाऊन शहरात कशाला राहता, असं पुण्यातले लोक विचारतात. किनाऱ्यावर राहून मी काय करू? मला मळ्यातल्या मारुतीच्या जत्रेला चालत जायचं असतं आणि येताना खाजं, म्हणजे जत्रेतला गोड खाऊ, घ्यायचं असतं. आईला दादा वैद्य रस्त्यावरच्या महालक्ष्मीला जायचं असतं. सकाळी कॅफे भोसलेमध्ये पातळभाजी आणि बन्स खायचे असतात. मंगेशीला जायचं तर तेही इथून वीस-बावीस किलोमीटरच. आणि भेटायला येणारी सगळी माणसं याच शहरात किंवा आसपास आहेत.

त्या माणसांसाठीच तर सुइट. आपल्याकडे गावात आलोय हे कळलं की लोक भेटायला येतात. आधी फोन करून येतील असं नाही. साध्या खोलीत त्यांना बसवायचं कुठे? पलंगावर. मग समोर उघड्या बॅगा, खुर्चीवर वाळत घातलेला टॉवेल, आई गाऊनवर, आणि काकी पलंगाच्या कडेला अवघडून बसलेली. पाच मिनिटांत "येतो हं" म्हणून लोक उठतात. माझा जीव तुटायचा तेव्हा. मळ्यातल्या घरात रस्त्याकडची एक बसायची खोली होती. घरात कितीही पसारा असो, आलेला माणूस तिथे टेकायचा, चहा व्हायचा, गप्पा रंगायच्या. सुइटमधली बाहेरची खोली मला ते परत देते. तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे मी आनंदाने मोजते.

गेल्या जत्रेला मावशी आणि काका आले, मागोमाग चुलतभाऊ बायकोमुलांसह. मावशीने मयड्याची केळी आणली होती, वहिनीने चण्याचे दोस, म्हणजे चणाडाळीच्या गोड वड्या. खोलीत किटली होती, पण कप दोनच. रूम सर्व्हिसला फोन केला, कप-बशा पाठवा म्हटलं. ट्रे घेऊन एक विशीतला मुलगा आला. तो टीपॉयवर कप मांडत होता, तेवढ्यात मावशीने विचारलंच, "तूं खंयचो रे?"

"वाळपयचो."

झालं. वाळपईला मावशीच्या सासरचं कोण, त्यांच्या शेजारी कोण, आणि त्या शेजाऱ्यांकडे या मुलाची आजी कामाला होती, हे सगळं तिथे उभ्याउभ्या उलगडलं. दहा मिनिटांनी तो न सांगता गरम पाण्याचा थर्मास आणि केळी ठेवायला मोठी थाळी घेऊन आला. मधलं दार लावून आई आत शांत झोपली होती. मुलं तिच्याजवळ आतच वाचत होती. बाहेर आम्ही साडेनऊपर्यंत बसलो.

त्या मधल्या दाराबद्दल मी आता फोनवरच खोदून विचारते. ज्युनिअर सुइट म्हणून जे देतात, ती पुष्कळ ठिकाणी एकच मोठी खोली असते. एका टोकाला पलंग, दुसऱ्या टोकाला सोफा. मधे पडदा असला तरी आवाज आणि उजेड दोन्ही आत जातात. भिंत हवी आणि बंद होणारं दार हवं. दुसरं म्हणजे टॉयलेट. एका हॉटेलात बाहेरची खोली झकास होती, पण टॉयलेट फक्त बेडरूममधून. काकांना मधुमेह आहे. आई झोपलेली असताना तिच्या पलंगाला वळसा घालून जायचं, या संकोचाने ते सहन करत बसले आणि शेवटी लवकर निघून गेले. मला फार वाईट वाटलं. बाहेरच्या खोलीला लागून छोटं का होईना, वेगळं टॉयलेट असेल तरच मी घेते.

पैशांचा हिशेब दोन खोल्यांशी लावून बघावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रात्रीला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८ टक्के. समजा पाच-पाच हजारांच्या दोन खोल्या घेतल्या, तर करासकट १०,५०० होतात. नऊ हजारांचा सुइट १०,६२० ला पडतो. म्हणजे भाडं हजाराने कमी असूनही सुइट महागच. दोन खोल्यांत बाथरूमही दोन मिळतात, हे खरं. पण बसायची खोली मिळत नाही.

नोव्हेंबरात इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, असतो; २००४ पासून तो इथेच भरतो. त्या दिवसांत, ३ डिसेंबरच्या जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला आणि कार्निव्हालला दर चढतात. सुइट मुळात थोडेच, ते आधी जातात. नदीकडची खोली मी मागत नाही. बांदोडकर मार्गावर कॅसिनोची वर्दळ पहाटेपर्यंत असते आणि आईची झोप सावध. मागच्या बाजूची, मंगळुरी कौलांच्या छपरांवर उघडणारी खोली तिला आवडते. मोठ्या चर्चची घंटा तिथेही ऐकू येते. ती घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची, हे बाबांनी लहानपणी सांगितलं होतं. बाबा बाहेरगावच्या पाहुण्यांना मांडवी हॉटेलात कॉफीला न्यायचे. १९५२ साली झेवियरच्या शवप्रदर्शनाला येणाऱ्या लोकांसाठी ते सुरू झालं, हेही कौतुकाने सांगायचे. राहायला मात्र सगळे आमच्याच घरी.

भेटायला कोण कोण येणार, त्यांची नावं मी पोचल्या पोचल्या रिसेप्शनवर लिहून देते. नाहीतर खाली ओळखपत्र दाखवा, रजिस्टरमध्ये सही करा, वर फोन लावून विचारा, यात सत्तरीच्या माणसांना ताटकळावं लागतं. बहुतेक ठिकाणी रात्री नऊ-दहानंतर भेटायला आलेल्यांना थांबू देत नाहीत. ती वेळ नातेवाइकांना आधीच सांगून ठेवलेली बरी.

शेवटच्या दिवशी अकराला खोली सोडायची आणि मोपा विमानतळावरून विमान संध्याकाळी, असं झालं तर सामान रिसेप्शनवर राहतं, पण आईला दुपारी आडवं व्हायला लागतं. अशा वेळी सुइट वाढवून घेण्यापेक्षा मी एक साधी खोली अर्ध्या दिवसाच्या दराने मागते. रिकामी असली तर देतात. मी आणि मुलं तोवर मावशीकडे जेवून, आईसाठी डब्यात मूगागाठी, म्हणजे मोडाच्या मुगाची भाजी, घेऊन येतो.