आम्ही कुणाच्याच यादीत नव्हतो

स्पीकरवरून घोषणा झाली, ‘इमारत पूर्ण रिकामी झालेली आहे. हेडकाउंट पूर्ण.’ ती घोषणा मी पंधराव्या मजल्यावर उभी राहून ऐकली. शेजारी बाबा बसले होते, काठीवर दोन्ही हात ठेवून.

ड्रिल होतं, आग नव्हती. तरी त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

अंधेरी पूर्वेच्या एका बावीस मजली ऑफिसांच्या इमारतीत आम्ही गेलो होतो. आई गेल्यावर तिच्या नावावरचे जुने कागदी शेअर बाबांच्या नावावर करायचे होते आणि सह्यांसाठी त्यांनी स्वतः यायला हवं होतं. फॉर्म, दाखले, नोटरी हे सगळं आधीच सुरळीत झालं होतं. बाबांचं वय शहात्तर. एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, दुसऱ्याची व्हायची आहे. सपाटीवर काठी घेऊन छान चालतात, जिना मात्र एकेक पायरी, कठड्याला धरून.

गेटवर नाव, मोबाइल, ओटीपी, फोटो, कुणाला भेटायचंय, सगळं विचारलं. छातीवर चिकटवायचे पास दिले. बॅग उघडून पाण्याची बाटलीसुद्धा पाहिली. बाबांची काठी तर स्कॅनरमधून गेली, म्हणजे ती तीन माणसांनी हातात धरून पाहिली. पण ‘आजोबा, जिना उतरता येतो का?’ हे तिघांपैकी एकानेही विचारलं नाही.

सोळाव्या मजल्यावर आमचं काम बघणारा मुलगा तरुण, सभ्य होता. तो बाबांची दुसरी सही घेत होता तेवढ्यात अलार्म वाजला. तो म्हणाला, ‘ड्रिल असेल मॅडम, अग्निशमन सप्ताह चालू आहे ना. तरी उतरावं लागेल.’ ‘असेल’ म्हणाला, ‘आहे’ म्हणाला नाही, हे लक्षात ठेवा. आम्ही उठलो. बाबांची फाइल आणि पाण्याची बाटली टेबलावरच राहिली. सामान घ्यायला थांबू नये हे बरोबरच आहे, पण फोन आणि चष्मा मात्र बसल्या जागी कायम अंगावरच असू द्यावा. माझा फोन हातात होता म्हणून पुढचं सगळं मला वेळेनिशी सांगता येतंय.

लिफ्ट अलार्मबरोबर खाली जाऊन तळमजल्यावर दारं उघडून थांबतात. तशा त्या गेल्या. सगळे जिन्याकडे निघाले. केशरी जाकीट घातलेली एक मुलगी दाराशी यादी घेऊन एकेकाचं नाव वाचत होती. आम्ही पुढे आलो तेव्हा तिने पासकडे पाहिलं, ‘व्हिजिटर’ म्हणाली आणि हाताने पुढे जायची खूण केली. कागदावर काहीच लिहिलं नाही. तो मुलगा गर्दीत पुढे ढकलला गेला. आम्हाला एक मजला उतरायला चार मिनिटं लागली. मागे माणसं तुंबली होती. पंधराव्या मजल्याच्या वळणावर उभ्या असलेल्या गार्डने बाबांकडे पाहिलं, रेफ्युज एरियाचं दार उघडलं आणि म्हणाला, ‘अंकल, इधर रुको, कोई लेने आएगा.’

त्याने अगदी बरोबर केलं. रेफ्युज एरिया ह्याच कामासाठी असतो. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे चोवीस मीटरच्या वर पहिला आणि मग साधारण दर पंधरा मीटरला एक. ह्या इमारतीत सातवा, अकरावा, पंधरावा, एकोणिसावा असे ते मजले आहेत. एक बाजू बाहेरच्या हवेला उघडी असते, त्यामुळे धूर साचत नाही, आणि आगीत माणसं बहुतेक वेळा ज्वाळांआधी धुराने जातात. ज्यांना जिना उतरता येत नाही, म्हातारी माणसं, गरोदर बायका, व्हीलचेअरवरचे लोक, त्यांनी तिथे थांबायचं आणि अग्निशमन दलाने त्यांना फायर लिफ्टने किंवा शिडीने न्यायचं, अशी ती व्यवस्था. जागेत काही चूक नव्हती. आम्ही तिथे आहोत हे कुणालाही कळायची सोय नव्हती, चूक ती होती.

भिंतीवर लाल रंगाचा टॉकबॅक होता. वर पाटी: ‘आपत्कालीन संपर्क. रिसीव्हर उचला.’ मी उचलला. आवाज नाही, खरखर नाही, काही नाही. बटण दाबून पाहिलं, पुन्हा ठेवून उचलला. मेलेला. डोक्यावरचा स्पीकर मात्र उत्तम चालत होता. म्हणजे ते आमच्याशी बोलू शकत होते, आम्ही त्यांच्याशी नाही.

पासवर पाहिलं. बाबांचा फोटो, कंपनीचं नाव, मजला, आत आल्याची वेळ. फोन नंबर कुठेच नाही. त्या मुलाचा नंबर माझ्याकडे होता, तो लावला. रिंग वाजत राहिली. (फोन त्याच्या ड्रॉवरमध्ये होता, नंतर कळलं.) पाच वेळा लावला.

बाबांना उभं राहवेना. रेफ्युज एरिया मोकळा असायला हवा, इथे कोपऱ्यात गालिच्यांच्या गुंडाळ्या, मोडक्या खुर्च्या आणि पुठ्ठ्याची खोकी रचून ठेवली होती. एका गुंडाळीवर त्यांना बसवलं. त्या क्षणी बरं वाटलं. मग लक्षात आलं की आगीपासून वाचायच्या जागेत मी माझ्या वडिलांना जळाऊ मालावर बसवलंय.

पंधरा मिनिटं झाली. बाबा म्हणाले, ‘तू उतर आणि सांग जाऊन. मी आहे इथे.’ मी जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. जिन्याकडून सोळाव्या मजल्याच्या दाराला कार्ड लागतं हे मी येताना पाहिलं होतं. हे दारही माझ्या मागे बंद झालं आणि उघडलंच नाही तर? ते उघडतं, रेफ्युजचं दार दोन्हीकडून उघडायलाच हवं, पण हे मला तिथे कोण सांगणार होतं? बाबांना सोडून जायची माझी हिंमत झाली नाही, आणि ह्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

१०१ ला फोन करावा का, हे मात्र मी फार वेळ घोळवत बसले. ड्रिल असेल तर उगाच बंब येतील, असं वाटत राहिलं. असं करू नका. तुम्हाला नक्की माहीत नसेल तर १०१ किंवा ११२ लावा. इमारतीचं नाव, जवळची खूण, कितवा मजला, रेफ्युज रस्त्याच्या बाजूला आहे की मागच्या, आणि किती माणसं, एवढं सांगा. ड्रिल असल्याचं आधी जाहीर करणं ही इमारतवाल्यांची जबाबदारी आहे, ते ओळखत बसणं तुमची नाही.

त्या वेळात बाबा मला १४ एप्रिलबद्दल सांगत होते. १९४४ साली ह्याच तारखेला मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. जहाजात कापूस होता आणि दारूगोळाही. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा सप्ताह पाळतात. माझे आजोबा तेव्हा गिरगावात राहायचे, खिडक्यांच्या काचा फुटल्याचं ते शेवटपर्यंत सांगत. बाबा म्हणाले, ‘ते लोक माणसं आत आहेत म्हणून आत गेले. इथे आपण आत आहोत हेच कुणाला ठाऊक नाही.’

आणि तेव्हाच ती घोषणा झाली. हेडकाउंट पूर्ण.

मी कठड्याशी जाऊन ओरडले. खाली पार्किंगमध्ये माणसांच्या ओळी दिसत होत्या, केशरी जाकिटं दिसत होती. ओढणी सोडून हलवली. मेट्रो आणि रस्त्याच्या आवाजात कोण ऐकणार? वर कुणी पाहिलं नाही. मग ओळी मोडल्या, माणसं आत यायला लागली. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे लिफ्ट चालू झाल्याचा आवाज आला. बाबांनी विचारलं, ‘संपलं का गं?’ मला उत्तर देता आलं नाही.

तो मुलगा सोळाव्या मजल्यावर परतला, टेबलावरची फाइल आणि बाटली पाहिली, आणि धावत खाली आला. अडतीस मिनिटं झाली होती. त्याने बाबांचे पाय धरायचेच बाकी ठेवले होते. त्याच्यावर माझा राग नाही. आपल्याकडे आलेल्या माणसाला सोबत घेऊन उतरायचं आणि उतरवता येत नसेल तर कुठे ठेवलंय ते खाली जाऊन सांगायचं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

राग आहे तो तळमजल्यावरच्या इमारत व्यवस्थापनाच्या ऑफिसवर. तिथे मी पाऊण तास बसले. हेडकाउंट दाखवा म्हटलं. दाखवला. कंपनीवार कर्मचाऱ्यांची नावं, प्रत्येकापुढे टिक. व्हिजिटर? ते रिसेप्शनच्या कॉम्प्युटरमध्ये असतात. तो कॉम्प्युटर कुठे होता? आत. म्हणजे इमारत रिकामी करताना आत आलेल्यांची एकमेव यादी इमारतीतच ठेवून सगळे बाहेर पडले. ‘व्हिजिटरची जबाबदारी होस्ट कंपनीची असते मॅडम.’ कंपनीचे साहेब शेजारीच उभे होते, ते म्हणाले, ‘व्हिजिटर सिक्युरिटीकडे असतात.’ हे दोघांनी माझ्यासमोर, एकमेकांकडे न बघता सांगितलं.

मग मला फॉर्म बी दाखवण्यात आला. मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे, मला तो माहीत आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. यांचं जानेवारीचं होतं. शिक्का, सही, सगळं व्यवस्थित. मी म्हटलं, चला, पंधराव्या मजल्यावरचा टॉकबॅक उचलून दाखवा. कुणी उठलं नाही.

मी तिथेच बसून मराठीत हाताने अर्ज लिहिला आणि पोच घेतली. पोच घ्याच, तोंडी तक्रार संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकत नाही. चार गोष्टी मागितल्या: आत असलेल्या व्हिजिटरांची यादी गार्डच्या मोबाइलवर किंवा कागदावर असावी, म्हणजे ती बाहेर नेता येईल, पासच्या मागे कंट्रोल रूमचा नंबर आणि जमायची जागा छापावी, जिना न उतरू शकणाऱ्याची नोंद गेटवरच व्हावी, रेफ्युज रिकामा करून टॉकबॅक दुरुस्त करावा.

आता मी कुठेही गेले की बसायच्या आधी जिना कुठे आहे ते विचारते आणि खुर्चीपासून तिथपर्यंत किती दारं ते मोजते, कारण धुरात डोळे उपयोगी पडत नाहीत, हात पडतात. बंद दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने गरम आहे का ते पाहावं. गच्चीकडे जाऊ नये, गच्चीला कुलूप असू शकतं आणि धूर वरच चढतो. आणखी एक, हे मला त्या केशरी जाकीटवाल्या मुलीने नंतर सांगितलं: ड्रिलमध्ये खाली उतरलेले कितीतरी व्हिजिटर पास खिशात ठेवून सरळ रिक्षा पकडून जातात. खरी आग असेल तर तुम्हाला शोधायला कुणीतरी वर जाईल. जमायच्या जागी जाऊन नाव सांगितल्याशिवाय निघू नका. तुमचा माणूस वर राहिला असेल तर जाकीट घातलेल्या कुणालाही धरून मजला सांगा आणि त्याने तो लिहून घेतलेला डोळ्यांनी पाहा.

जूनमध्ये एका सहीच्या फरकासाठी पुन्हा जावं लागलं. पासच्या मागे नंबर छापलेला होता. मी गेटवरच तो लावला, दुसऱ्या रिंगला उचलला. गार्डने बाबांची काठी पाहिली, विचारलं, ‘अंकल, सीढ़ी उतर सकते हो?’ बाबा म्हणाले, ‘एक मजला.’ त्याने ते वहीत लिहिलं.

सही झाल्यावर मी पंधराव्या मजल्यावर जाऊन आले. गालिचे गेले होते. खुर्च्या होत्या. टॉकबॅक उचलला, अजून मेलेलाच. व्यवस्थापक म्हणाले, एजन्सी जुलैत येणार आहे. मी दुसरा अर्ज दिला आणि त्याचीही पोच घेतली.