ओझरहून गोवा: खिडकी ए की एफ?

नाशिकच्या ओझर विमानतळावरून गोव्याला जाताना एफ (उजवी खिडकी), येताना ए (डावी). घाईत असाल तर एवढं पुरे.

नकाशावर ओझर आणि गोव्याचं मोपा विमानतळ जवळजवळ एकाच रेखांशावर येतात, साधारण 73.9 अंश पूर्व. त्यामुळे विमान सरळ दक्षिणेला जातं आणि सह्याद्रीची धार उजव्या खिडकीशी समांतर चालते. हवामानानुसार वाट थोडीफार सरकते, बाजू मात्र तीच राहते. आधी कळसूबाई, तिच्या मागे अलंग-मदन-कुलंगची जोडगोळी अधिक एक, खाली भंडारदऱ्याचं पाणी. लगेच हरिश्चंद्रगड. इथे अपेक्षा जरा आवरा: कोकणकडा पश्चिमेला तोंड करून आहे, आपल्याला गडाची पाठ दिसते. पुढे पुण्याच्या पलीकडे पानशेत-वरसगाव, मग महाबळेश्वरचं पठार आणि कोयनेचा लांबच लांब शिवसागर. डावीकडे या सगळ्या वेळात देशावरची शेतं आणि गावं. वाईट नाही, पण त्यासाठी खिडकीचे जादा पैसे मी देणार नाही.

ओझरची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे आणि विमान वाऱ्याच्या तोंडाला उडतं. पावसाळी वाऱ्यात ते बहुधा पश्चिमेकडे उठतं: उजवीकडे दिंडोरीच्या द्राक्षबागा आणि लांबवर सातमाळा, डावीकडे नाशिक शहर. मग दक्षिणेला जायला ते डावीकडे वळतं, डावा पंख खाली जातो, आणि एफवाल्यांना तेवढा वेळ नुसतं आकाश. पूर्वेकडे उठलं तर उलटं. वळताना उजव्या खिडकीत निफाडचा पट्टा आणि हवा स्वच्छ असेल तर नांदूरमध्यमेश्वरचं पाणी. धावपट्टी एचएएलची, म्हणजे लढाऊ विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीची आहे, तेव्हा जमिनीवर असेपर्यंत कॅमेरा खिशात, आणि पडदा खाली करायला सांगितला तर हुज्जत नको.

आता रांग. तिकीट काढताना विमान कुठलं ते बघा. एटीआर 72 असेल तर नशीब चांगलं. त्यात दोन-दोन आसनं, अक्षरं ए, सी, डी, एफ. पंख खिडक्यांच्या वर, त्यामुळे खाली बघायला आडकाठी नाही. शिवाय ते जेटपेक्षा बरंच खालून आणि हळू जातं, धरणाची भिंतसुद्धा ओळखू येते. पुढच्या रांगांत मात्र इंजिन आणि फिरती पाती शेजारीच, आणि मोबाईलच्या व्हिडिओत ती पाती वाकलेल्या केळ्यासारखी येतात. शेवटचा एक तृतीयांश भाग घ्या. चढायचं दारही मागेच असतं. एअरबस ए320मध्ये पंख खाली असतो आणि साधारण दहाव्या ते विसाव्या रांगेपर्यंतची जमीन तो खाऊन टाकतो. त्याच्या मागे बसलं तर इंजिनाच्या गरम धुरामुळे दृश्य थरथरतं. म्हणून पुढची पाचवी-सहावी रांग. बोइंग 737मध्ये पंखाच्या जरा पुढे, डावीकडे, एका रांगेत खिडकीच नसते. तिथून वातानुकूलनाची नळी भिंतीतून वर जाते. आसन ‘विंडो’ म्हणून विकलं जातं ते जातंच.

उन्हाचा हिशेब वेगळा. सकाळी दक्षिणेला जाताना सूर्य डावीकडे, म्हणजे एफमधून डोंगर उजळलेले आणि डोळ्यांत ऊन नाही. फार उशिराची सकाळही नको: माथ्यावरच्या उन्हात सावल्या नसतात आणि कळसूबाईसुद्धा चपटी दिसते. दुपारनंतरच्या फेरीत तीच एफ तापते, काचेवरचा प्रत्येक ओरखडा चमकतो. तरीही मी एफच घेईन. डोंगर त्याच बाजूला आहेत, त्याला इलाज नाही.

खाली ढगांची चादर असेल तर सूर्याच्या विरुद्ध बाजूला विमानाची सावली शोधा. तिच्याभोवती रंगीत कडं दिसतं, तेच कोकणकड्यावरचं इंद्रवज्र. गड चढून दाट धुक्याची आणि पाठीमागच्या उन्हाची वाट बघणाऱ्यांना हे जरा अन्यायाचं वाटेल.

नागपूरला जाताना ए घ्या: चांदवडची रांग, पुढे अजिंठ्याचे डोंगर, आणि सूर्य बहुतेक वेळ दक्षिणेकडे म्हणजे पलीकडे. लोणार उजवीकडे बरंच लांब पडतं, त्यासाठी बाजू बदलू नका. दिल्लीलाही ए, सुरुवातीलाच सप्तशृंगी आणि मग साल्हेर.

फोटोसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम, एप्रिल-मे धुळकट. आपण बोट लावतो ती आतली काच साधं प्लास्टिक असते, ती कोरड्या मऊ कापडाने पुसा. मधल्या थरातल्या बारीक छिद्राभोवती हिमाची नक्षी जमते. ती टाळून लेन्स काचेच्या अगदी जवळ धरा, पण टेकवू नका, थरथर उतरते. फ्लॅश बंद, फोकस लांबवर लॉक. पोलरायझर फिल्टर (चकाकी कापणारी काच) लेन्सवरून काढूनच ठेवा. त्यातून या प्लास्टिकवर इंद्रधनुषी पट्टे उमटतात.