मुंबई प्राइडला जायचं होतं, अडलं रजेच्या अर्जावर

मुंबईच्या क्वीअर आझादी मार्चला, म्हणजे समलैंगिक आणि इतर क्वीअर लोकांच्या मुंबई प्राइड मोर्चाला, मी पहिल्यांदा गेलो तो 2 फेब्रुवारी 2019 ला. मोर्चाबद्दल सांगण्यासारखं खूप आहे, पण आधी रजेच्या अर्जाबद्दल लिहितो, कारण तो राग अजून गेलेला नाही.

मी नाशिकला एका बँकेत नोकरी करतो. 2015 पासून बँकांना दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असते. मोर्चाचा दिवस होता पहिला शनिवार, म्हणजे कामाचा दिवस. सीएल (किरकोळ रजा) भरपूर शिल्लक होत्या, त्यामुळे निर्धास्तपणे अर्ज टाकला. छापील अर्जात नाव, पद, तारीख आणि खाली ‘रजेचे कारण’ म्हणून बोटभर जागा. मी लिहिलं, ‘वैयक्तिक’. संध्याकाळी अर्ज माझ्या टेबलावर परत. ‘वैयक्तिक’भोवती लाल पेनाचा गोल आणि शेजारी शेरा: ‘कारण स्पष्ट लिहावे.’

साहेबांकडे गेलो.

“कोणाचं लग्न आहे का? दवाखाना?”

“नाही साहेब, मुंबईला काम आहे.”

“मग अर्धा दिवस भरून जा. नाहीतर लग्न लिही, लगेच सही करतो.”

अर्धा दिवस भरून नाशिकहून दुपारी मुंबई गाठायची कशी? त्याच दिवशी शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याने ‘गावची जत्रा’ लिहिलेला अर्ज नेला, साहेबांनी उभ्याउभ्या सही केली. जत्रेला जायलाच हवं, मीही जातो. पण जत्रेला जाणाऱ्याला कुणी खोदून विचारत नाही.

लग्न लिहून सुटता आलं असतं. घरी, मित्रांत, खोली भाड्याने घेताना मी कायम दुसरंच काहीतरी सांगत आलो होतो. 6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, प्रौढांमधले संमतीचे समलैंगिक संबंध कलम 377 च्या कक्षेबाहेर गेले, तेव्हा मी कॅशला बसलो होतो. नोटा मोजताना डोळे भरून आले आणि कोणाला सांगता येईना. आता त्याच निकालानंतरच्या पहिल्या मोर्चाला जायला खोटं लिहायचं? नाही जमलं. दुसरा अर्ज घेतला आणि लिहिलं, ‘समलैंगिकांच्या हक्कांच्या मोर्चात सहभागी होणे, ऑगस्ट क्रांती मैदान, मुंबई.’ जागा पुरेना म्हणून शेवटचे शब्द समासात उतरवले.

मग अर्ज ट्रेमध्ये पडून राहिला. माझ्यानंतर आलेले अर्ज सह्या होऊन गेले, माझा तिथेच. आमच्या पासिंगच्या, म्हणजे व्यवहार मंजूर करणाऱ्या, मॅडम हळूच म्हणाल्या, “बदलून दे ना कारण. कशाला उगाच?” त्यांच्या बोलण्यात काळजी होती, पण ऐकून मी आणखी हट्टाला पेटलो. शुक्रवारी कॅश टॅली झाल्यावर साहेबांनी बोलावलं.

“बँकेचं नाव कुठे येणार नाही ना?”

“नाही साहेब.”

“म्हणजे तू स्वतः…?”

“हो.”

त्यांनी मान वर न करता सही केली. मला रडू येईल इतकं हलकं वाटलं, आणि संतापही आला. ती रजा माझ्या हक्काची होती, तिच्यासाठी मला स्वतःबद्दल सांगायला लावलं गेलं. कुठल्याही कर्मचाऱ्याच्या अर्जावर ‘वैयक्तिक’ एवढं पुरे व्हायला हवं.

म्हणून सांगतो, खरं कारण लिहायलाच हवं असं अजिबात नाही. निकालाने गुन्हा पुसला, नोकरीत संरक्षण देणारा वेगळा कायदा काही त्याने आला नाही. घर किंवा नोकरी धोक्यात येणार असेल तर बिनधास्त लग्न लिहा आणि मनाला लावून घेऊ नका. मला मात्र लिहिल्याचा अभिमान आहे.

बाकी प्रवास सरळ. पंचवटी एक्स्प्रेसने दादर, तिथून स्लो लोकल (फास्ट ग्रँट रोडला थांबत नाही), पश्चिमेला उतरून मैदानापर्यंत चालत. हे मैदान म्हणजे जुनं गोवालिया टँक. 1942 ची ‘चले जाव’ची हाक इथलीच, आणि 2008 चा मुंबईतला पहिला क्वीअर आझादी मार्चही इथूनच निघाला होता.

आत शिरलो तर ढोल सुरू झालेला. लांबच लांब इंद्रधनुषी कापड दोन्ही बाजूंनी लोकांनी धरलं होतं. एका काकूंनी मला हाक मारली, “इथे धर रे, झोळ पडतोय.” माझ्या वाट्याला जांभळी कड आली. काकूंच्या गळ्यात पुठ्ठा होता, त्यावर मराठीत लिहिलेलं, ‘माझा मुलगा गे आहे, मला त्याचा अभिमान आहे.’ मुलगा पुढे नाचत होता. रस्त्यावर आल्यावर घोषणा सुरू झाल्या. सुरुवातीला माझा आवाजच फुटेना, मग इतका ओरडलो की सोमवारी घसा बसलेला.

चेहरा दाखवायचा नसेल तर मास्क घाला, अनेक जण घालतात. फोटो काढायचा तर आधी विचारा, मागे उभ्या असलेल्यांनाही. एकटं जायला बिचकू नका, मी एकटाच गेलो होतो. मोर्चा बहुधा जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला, शनिवारी असतो, पण ठिकाण निघण्याआधी तपासा. 2020 मध्ये ऑगस्ट क्रांती मैदानाऐवजी आझाद मैदानावर जमायचं ठरलं होतं. आणि नाशिककरांनो, परतीची पंचवटी संध्याकाळी सहाच्या सुमारास सुटते. तिच्या भरवशावर राहिलात तर मोर्चा अर्धवट सोडावा लागेल, तेव्हा रात्रीच्या गाडीचं तिकीट काढा.