तुम्ही विचारलंत म्हणून: सूर्याची ओढ किती वेगाने येते?

किरणोत्सवाच्या दिवसांत मावळतीची किरणे अंबाबाईच्या चरणांपर्यंत पोहोचली की नाही याची चर्चा संपते न संपते, तोच कोणीतरी मला रस्त्यात गाठते. "सर, हा किरण निघाला आणि त्याच क्षणी सूर्य नाहीसा झाला, तर पृथ्वी केव्हा सुटेल? लगेच, की आठ मिनिटांनी?" उत्तर दिले की पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, "मग गुरुत्वाकर्षण म्हणजे नेमके काय?" आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाला हे विचारले जाणारच, परंतु मी सरळ उत्तर देत नाही अशी तक्रार आता माझ्याच कानांवर येऊ लागल्यामुळे एकदा सविस्तर लिहितो.

सरळ उत्तर असे की आठ मिनिटे वीस सेकंदांनी. अंधार आणि सुटका एकाच वेळी. हे केवळ आइन्स्टाइन म्हणाले म्हणून मानायचे नाही. १७ ऑगस्ट २०१७ रोजी सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनातून निघालेली गुरुत्वीय लहर, म्हणजे गुरुत्वाकर्षणातील बदलाची लाट, आपल्यापर्यंत आली आणि तिच्यामागून अवघ्या १.७ सेकंदांनी त्याच घटनेतील गॅमा किरण, म्हणजे प्रकाशाचीच एक जात, आले. तेरा कोटी वर्षांच्या वाटचालीत पावणेदोन सेकंद, आणि तो फरकही बहुधा उगमापाशीच पडलेला.

तरीही हे उत्तर देताना माझी जीभ अडखळते. त्याचे एक कारण शास्त्रीय आहे: सूर्य असा नाहीसा होऊच शकत नाही. आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतेची, म्हणजे त्यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताची, समीकरणे वस्तुमानाला हवेत विरून जाण्याची मुभा देत नाहीत. ते जायचेच असेल तर कोठून तरी, कशाच्या तरी रूपाने बाहेर पडावे लागते. जयंत नारळीकर आपल्या कोल्हापुरात जन्मले हे सर्वांना पाठ असते, परंतु त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर यांच्याकडे बनारसला काम केलेल्या प्रल्हाद वैद्यांनी १९४३ साली प्रारण फेकत हलक्या होणाऱ्या ताऱ्याचे गणित मांडले, हे क्वचितच कोणाला ठाऊक असते. आपला सूर्यही दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमान प्रकाशाच्या रूपाने गमावत असतो, आणि त्याची ओढ तेवढी कमी झाल्याचे आपल्याला तो प्रकाश आपल्याला ओलांडून गेल्यावरच कळते.

दुसरे कारण शास्त्रीय नाही.

१९९६ सालच्या डिसेंबरात एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. ज्वालामुखी आणि ठिबक सिंचन यांच्या गर्दीत नववीतील एक मुलगी फक्त एक तक्ता घेऊन उभी होती. तक्त्याची चिकटपट्टी सुटल्यामुळे त्याचा वरचा कोपरा तिच्या वडिलांनी धरून ठेवला होता. ते उद्यमनगरातून कामावरून तसेच आले असावेत, कारण त्यांच्या अंगठ्याच्या नखात काळे तेल भरलेले होते आणि कागदाला डाग लागू नये म्हणून त्यांनी मध्ये रुमाल धरला होता. तक्त्यावर एक भागाकार होता: पृथ्वीचा वेग सेकंदाला ३० किलोमीटर, प्रकाशाचा ३ लाख, म्हणून एकास दहा हजार. त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. तिचे म्हणणे असे होते की पावसात सायकल चालवताना सरळ पडणारा पाऊसही समोरून तोंडावर येतो. तशी ओढ जर प्रकाशाच्या वेगाने येत असेल, तर तीही धावत्या पृथ्वीला किंचित समोरून येईल, पृथ्वीला सतत पुढे खेचत राहील आणि हजार-दोन हजार वर्षांत कक्षा विस्कटून जाईल. ती विस्कटलेली नाही, अर्थात ओढ तत्काळ पोहोचते.

मी म्हणालो, "आइन्स्टाइनने सिद्ध केले आहे, वेग प्रकाशाचाच." ती म्हणाली, "पण सर, मग कक्षा?" मी घड्याळाकडे पाहिले आणि "पाठ्यपुस्तकाबाहेरचे करताना आधी नीट वाचावे," असे तिच्या वडिलांकडे पाहून म्हणालो. त्यांनी मान डोलावली. पुढच्या टेबलाशी पोहोचून मागे पाहिले, तेव्हा ते तक्त्याची गुंडाळी करत होते.

माझे उत्तर बरोबर होते. हे मी स्वतःला अनेक वर्षे बजावत आलो, आणि आजही त्यातील अक्षर बदलणार नाही. परंतु पुढे वाचनात आले की नेमका हाच धागा पकडून फ्रेंच गणिती लाप्लासने १८०५ साली गुरुत्वाकर्षणाचा वेग प्रकाशाच्या किमान ७० लाख पट असला पाहिजे, असा निष्कर्ष काढला होता. नववीतील मुलगी लाप्लासपाशी पोहोचली होती आणि मी तिला वाचन वाढवायला सांगत होतो. इतके परीक्षक त्या दिवशी घाईत असतात, मीच काय वेगळे केले, असे म्हणून पाहिले. फारसा उपयोग झाला नाही.

आता दुसरा प्रश्न. चाळिशीत मी वर्गात ठणकावून सांगत असे की गुरुत्वाकर्षण हे बलच नव्हे, ती अवकाश-काळाची वक्रता आहे. आणि ताणलेल्या चादरीवर शिशाची गोळी ठेवून दाखवत असे. गोळी खाली दबते ती पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणानेच, म्हणजे जे समजावायचे तेच मी उसने घेत होतो, हे कोणी बोलले नाही म्हणून खपले. आज मला काळाचा दाखला अधिक प्रामाणिक वाटतो. पन्हाळ्यावरचे घड्याळ खाली शहरातल्या घड्याळापेक्षा दिवसाला काही अब्जांश सेकंद पुढे पळते, आणि हातातून सुटलेला दगड खाली येतो तो मुख्यतः काळाच्या या असमान चालीमुळे. पण काळ असा का चालतो, असे विचारलेत, तर वस्तुमानामुळे, एवढेच म्हणता येते. न्यूटनने १७१३ मध्ये गुरुत्वाकर्षणाच्या कारणाविषयी आपण तर्क लढवत नाही असे छापून टाकले होते. तरुणपणी ती मला पळवाट वाटत असे. आता तसे वाटत नाही, मात्र त्या वाक्याआड लपायलाही मन धजत नाही. शिवाय पुंजभौतिकी, म्हणजे अणू-कणांच्या जगाचे शास्त्र, आणि गुरुत्वाकर्षण यांचा मेळ अजून बसलेला नसताना 'नेमके काय' याचे शेवटचे उत्तर माझ्याकडे कोठून असणार?

त्या मुलीला द्यायचे उत्तर मात्र आहे. पाऊस दर क्षणी ढगातून निघून खाली येतो, ऊनही तसेच दर क्षणी सूर्यातून निघते, आणि म्हणूनच ते धावत्या पृथ्वीला अंशाच्या सुमारे पावणेदोनशेव्या भागाइतके समोरून येते. ओढ तशी निघत नसते. सूर्याचे गुरुत्वीय क्षेत्र, म्हणजे त्याच्या ओढीचा प्रभाव, भोवती आधीच पसरून स्थिरावलेले आहे आणि पृथ्वी त्यातून फिरते, त्यामुळे ओढीचा रोख सूर्याकडेच राहतो. वेगाचा प्रश्न येतो तो त्या क्षेत्रात बदल झाला तर, आणि ती बातमी प्रकाशाच्याच वेगाने जाते. हिशेब अगदी तंतोतंत जुळत नाही. जे उरते ते गुरुत्वीय लहरींच्या रूपाने निघून जाते, आणि पृथ्वी व सूर्य या जोडीच्या बाबतीत ते अवघे दोनशे वॅट, म्हणजे शंभराचे दोन जुने बल्ब.

तिच्या भागाकारात चूक नव्हती. चूक पहिल्या ओळीत होती, जिथे तिने ओढीला पावसासारखे धरले होते. आणि ती मी तिला दाखवू शकलो नाही, कारण मी पहिली ओळ वाचलीच नव्हती.