लिंक दहाची, पोर्ट शंभरचं, आवाज तुटका

शाखेत मुख्यालयाशी बोलायला नेटवर्कवरचे फोन बसवायला निघाला असाल, तर आधीच सांगतो: प्रोव्हायडरने कागदावर लिहून दिलेल्या आकड्यावर शेपर (राउटरातून बाहेर जाणारा वेग मर्यादेत ठेवणारी सोय) लावू नका. मी लावला आणि शाखेतल्या दोन दिवसांपैकी दीड दिवस त्यातच गेला.

एलएलक्यू (आवाजाची पॅकेटं रांगेत पुढे काढण्याची राउटरमधली रचना) लिहिता येत असेल तरच या कामाला निघा. कन्सोल केबल (राउटरला थेट जोडायची) आणि पॅकेट कॅप्चरची (जाणारी-येणारी पॅकेटं टिपून बघण्याची) सोय सोबत हवीच. फोन, व्हीलॅन (फोनसाठी वेगळं आभासी जाळं), मार्किंग (व्हॉइसच्या पॅकेटांवर प्राधान्याची खूण) पहिल्या दुपारपर्यंत उरकलं.

घाट त्यानंतर लागला. लिंक १० एमबीपीएसची, पण हातात आलेलं पोर्ट १०० चं. राउटरच्या लेखी रस्ता मोकळाच असतो, त्यामुळे त्याच्याकडे रांग लागत नाही. आणि रांगच नसेल तर व्हॉइसला पुढे काढणार कुठून? गर्दी होते पलीकडे, प्रोव्हायडरच्या पोलिसरवर (मर्यादेपलीकडचं फेकून देणारी यंत्रणा). तिथे कॉल असो की फाइल, मर्यादेवरचं पॅकेट फेकलं जातं. म्हणून बाहेरून शेपर, आत एलएलक्यू. इथवर सगळेच सांगतात.

शेपर १० वर ठेवला. शाखेतून मोठी फाइल पाठवायला घेतली की मुख्यालयात आवाज तुटायचा. प्रोव्हायडरला तीनदा फोन केला, तिन्ही वेळा उत्तर एकच: पूर्ण १० दिलेत. अर्धंच सांगितलं. त्यांचा पोलिसर इथरनेटची हेडरं (प्रत्येक पॅकेटला जोडली जाणारी जादा माहिती) धरून मोजत होता, आमचा शेपर नुसतं आयपी पॅकेट. जी.७११ आणि जी.७२९ या आवाज आकड्यांत बदलण्याच्या पद्धती; २० मिलिसेकंदांच्या पॅकेटांचा जी.७११ कॉल आयपीवर ८० केबीपीएस, इथरनेट धरून ८७.२. जी.७२९ तर २४ वरून ३१.२ वर जातो. पॅकेट लहान, तेवढा भुर्दंड जास्त. शेपर ९.५ वर आणला, ड्रॉप (पॅकेटं फेकली जाणं) थांबले.

आवाज मात्र अडखळतच होता. रात्र गेली ती इथे. ड्रॉप शून्य, तरी जिटर (पॅकेटं पोचण्याच्या वेळेतला चढउतार) शंभर मिलिसेकंदांपार! शेवटी शेपरचं इंटरव्हल (शेपर किती वेळाचा कोटा एकदम देतो ते) पाहिलं: १२५ मिलिसेकंद. तेवढ्या वेळाचा कोटा शंभरच्या पोर्टवरून १२ मिलिसेकंदांत निघून जातो आणि उरलेले ११३ सगळं थांबून राहतं, व्हॉइससुद्धा. जी.११४ या आवाजाच्या उशिराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मानकाची शिफारस एका दिशेला एकूण १५० च्या आत राहण्याची, आणि आम्ही ११३ आपल्याच राउटरात घालवत होतो. बीसी (एका इंटरव्हलचा कोटा) ९५,००० बिट केला, इंटरव्हल १० वर आलं. पहाटे चारला मुख्यालयातला सहकारी म्हणाला, "एकदम स्वच्छ येतोय." थकवा कुठल्या कुठे पळाला. तुम्ही गेल्या गेल्या पहिल्यांदा बीसीच बघा, बाकी सगळं नंतर.

त्याचा आवाज मात्र मला तुटकच येत होता. शाखेतला शेपर फक्त शाखेतून जाणाऱ्या ट्रॅफिकला आवरतो. येणाऱ्यासाठी मुख्यालयात प्रत्येक शाखेचा वेगळा शेपर लागतो. तो दुसऱ्या दिवशी लावला. आधीच लावून निघा. आणि कॅप्चर दोन्ही टोकांना घ्या: निघताना ४६ असलेला डीएससीपी (पॅकेटावरच्या प्राधान्याच्या खुणेचा आकडा) पलीकडे ० होऊन पोचत असेल, तर प्रोव्हायडरच्या जाळ्यात व्हॉइसला बहुधा वेगळी वाट मिळतच नाही.