शून्य टक्के ड्यूटी आणि साडेतीन वर्षं

भोसरीच्या आमच्या शेडमध्ये हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे स्पूल बनतात. स्पूल म्हणजे बोटाएवढी पोलादी दांडी, खाचा पाडलेली. व्हॉल्व्हच्या पोटात ती मागेपुढे सरकते आणि तेल कुठे जायचं ते ठरवते. सगळा मामला मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा. १९९८ साली दोन लेथ आणि एक जुनं सेंटरलेस ग्राइंडर एवढ्यावर सुरुवात केली, तेव्हा आमचं सगळ्यात लांबचं गिऱ्हाईक कोल्हापूरला होतं.

२०११च्या ऑगस्टमध्ये भारत-जपान व्यापार करार लागू झाला. पेपरात बातमी वाचून मी घरी जाहीर करून टाकलं, की आता जपानचं दार उघडलं. ही पोळ्या लाटत होती. म्हणाली, "दार उघडलं म्हणजे कोणी पाट मांडून ठेवलाय असं नाही." पुढे कित्येक वर्षं मला हे वाक्य ऐकवलं गेलं.

कागदपत्रांचं काही विशेष नाही. आयात-निर्यातीचा आयईसी नंबर, परकीय चलनाच्या व्यवहारासाठी बँकेचा एडी कोड, ईईपीसी या इंजिनिअरिंग निर्यातदारांच्या परिषदेचं सदस्यत्व, महिन्या-दीड महिन्यात झालं. २०१२च्या नोव्हेंबरमध्ये टोकियोला बिग साइटमध्ये मशीन टूलचं जिमटॉफ प्रदर्शन होतं, तिथे गेलो. स्टॉल घेण्याची ऐपत नव्हती. बॅगेत बारा स्पूल आणि व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा घेऊन प्रेक्षक म्हणून हिंडलो. नागोयाजवळच्या एका व्हॉल्व्ह कंपनीच्या माणसाने एक स्पूल हातात घेतला, उजेडाकडे धरला, आणि त्यांचा माल ज्यांच्यामार्फत येतो त्या ट्रेडिंग कंपनीचा पत्ता दिला. आमच्याकडून थेट घेणार नाहीत, मध्ये हे लोक हवेतच, हे तिथेच कळलं. सुरुवातीला मला ते दलालीचं लचांड वाटलं. पण आमचं इंग्रजी आणि त्यांचं जपानी यांच्यामध्ये उभं राहून दोन्हीकडची बोलणी खाणारं कोणीतरी लागतं, हे नंतर पटलं.

पहिली सॅम्पलं पाठवताना करारातल्या ड्यूटी-सवलतीसाठी ओरिजिनचं सर्टिफिकेट, म्हणजे माल इथलाच असल्याचा दाखला, काढायला मी बरीच पायपीट केली. पोलाद कुठलं, त्यावर इथे काय काम झालं, किमतीत इथला हिस्सा किती, सगळं मांडलं. ते हातात आल्यावर ट्रेडिंग कंपनीचं उत्तर आलं, अतिशय नम्र भाषेत: आभारी आहोत, परंतु या वस्तूवर जपानमध्ये तशीही ड्यूटी नाही. म्हणजे आम्हालाच नाही, चीनच्या मालालाही नाही, तैवानच्याही नाही. मशिनरीच्या सुट्या भागांवर जपानची आयात ड्यूटी करार होण्याआधीपासूनच शून्य होती. मी दर बघितलाच नव्हता.

मग अडलं कुठे? ड्रॉइंगवर.

आपल्याकडे ड्रॉइंग फर्स्ट अँगलने काढतात. वस्तूची उजवीकडून दिसणारी बाजू कागदावर डावीकडे येते. जपानी ड्रॉइंग थर्ड अँगलचं, त्यात उजवी बाजू उजवीकडेच. कोणती पद्धत आहे ते कोपऱ्यात कापलेल्या शंकूच्या छोट्या चिन्हाने सांगितलेलं असतं. आमच्या स्पूलच्या टोकाला एक खाच होती, आडव्या भोकापासून ३० अंशांवर. आयटीआयला शिकलेल्या नजरेने आमच्या माणसाने ते चित्र वाचलं, मीही वाचलं, सही केली. चाळीस नग गेले. व्यास बरोबर, लांबी बरोबर, कोन बरोब्बर ३० अंश, फक्त उलट्या दिशेला. चाळीसही नग आरशातले. रागाचं पत्र आलं असतं तर बरं वाटलं असतं. आला एक फोटो, आमचा नग आणि त्यांचा नग शेजारी शेजारी, आणि खाली एक ओळ: कृपया चिन्ह पाहावे. त्यात सहा महिने गेले, कारण पुढच्या सॅम्पलसाठी रांगेत पुन्हा शेवटी उभं राहावं लागलं.

तेव्हापासून परदेशी ड्रॉइंग आलं की आम्ही ते चिन्ह लाल पेनाने गोल करतो. आजही करतो.

पुण्याचा एक फायदा असा, की इथे जपानी शिकणारी मुलंमुली पेठापेठांतून सापडतात. सिंहगड रोडवर ओकायामाच्या बागेवरून बेतलेलं उद्यान असलेलं शहर आहे हे. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-टू पातळी पास झालेली शेजाऱ्यांची मुलगी संध्याकाळी दोन तास येऊ लागली. तिच्यामुळे समजलं, की त्यांच्या मेलमधलं 'विचार करू' म्हणजे नाही. त्याआधी वर्षभर मी त्या 'विचार करू'ची वाट बघत बसलो होतो.

मग गंज. समुद्रमार्गे पहिला खरा लॉट गेला जुलैत. लाकडी खोक्यांचं लाकूड ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवून शिक्का मारलेलं होतं. तो आंतरराष्ट्रीय नियमच आहे, कीड जाऊ नये म्हणून. कीड गेली नाही, गंज गेला. त्यांनी मोठ्ठे करून पाठवलेले फोटो बघितले तर डाग चक्क अंगठ्याच्या आकाराचे, रेषांसकट. पॅकिंग करणाऱ्या बायकांच्या हातांचा घाम. त्या बिचाऱ्या एकमेकींचे अंगठे बघत राहिल्या. हातमोजे, गंजरोधक पिशव्या, सिलिका जेल एवढंच लागलं, खर्च नगामागे काही पैशांचा. अक्कल मात्र एका लॉटच्या किमतीला पडली.

टोकियोच्या फेरीनंतर साडेतीन वर्षांनी, २०१६च्या मध्याला, नियमित ऑर्डर सुरू झाली. त्याबरोबर आला फोर-एम चेंजचा फॉर्म. माणूस, मशीन, माल, पद्धत यांपैकी काहीही बदललं तर आधी कळवायचं, त्यांनी होकार दिल्यावरच बदलायचं. आमच्या ग्राइंडिंगवरचे काका वारकरी. दर आषाढीला आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर चालत पंढरपूर. त्या काळात मशीनवर दुसरा कामगार. इतकी वर्षं हे कोणाला कळवायचं असतं असं आमच्या मनातही आलं नव्हतं. फॉर्ममध्ये बदलाचं कारण लिहायचा रकाना होता. शेजाऱ्यांच्या त्या दुभाषी मुलीने त्यात वारीवर पानभर मजकूर लिहिला. तिकडून प्रश्न आले तीन: बदली कामगाराचं प्रशिक्षण किती तास, पहिल्या ५० नगांची मापं, आणि काका परत आल्यावर थकलेले असतील तर पहिल्या दिवशी कोण तपासणार. तिसरा प्रश्न मालक असून मला कधी सुचला नव्हता.

पैशाची बाजू थोडक्यात सांगतो, कारण आठवलं की त्रास होतो. भाव येनमध्ये बांधून दिला होता. २०११ साली डॉलरला ७६-७७ येन पडत, २०२४च्या जुलैत १६०च्या वर. रुपयाही डॉलरसमोर घसरत गेला म्हणून निभावलं, नाहीतर पोलाद आणि वीज दोन्ही वाढत असताना आमचा येनमधला भाव तिथेच चिकटलेला. भाव वाढवून मागायचा तर खर्चाचा तक्ता द्या म्हणतात, आणि एकदा दिलेल्या तक्त्यात दरवर्षी ते कपातही शोधतात.

उलट बाजूचाही अनुभव घेतला. २०२१ साली जपानहून ग्राइंडिंग मशीन आणलं. इकडच्या ड्यूटीत मात्र करारामुळे खरी सवलत होती. पण २०२०च्या सप्टेंबरपासून आपला नियम असा, की नुसतं सर्टिफिकेट पुरत नाही. माल तिथलाच कसा ठरतो, याची माहिती आयातदाराजवळ हवी. मी मशीनवाल्यांना किमतीची फोड मागितली. त्यांचं उत्तर आलं: विचार करू. या वेळी मी वाट बघितली नाही. ट्रेडिंग कंपनीला मध्ये घातलं, तीन आठवड्यांनी बंद पाकिटात जेवढं हवं तेवढंच आलं. आमची ही चिमूटभर आयात-निर्यात. देशाचं बघाल तर २०२३-२४मध्ये जपानकडून आपण सुमारे १७.७ अब्ज डॉलरचा माल घेतला, दिला जेमतेम ५ अब्जांचा.

आमच्या उलाढालीत आज जपानचा वाटा एक तृतीयांश आहे. काका आता साठीला आले, पण वारी सुटलेली नाही. मागच्या वर्षी मे महिन्यातच नागोयाहून मेल आला: यंदाचं प्रस्थान कोणत्या तारखेला आहे, कृपया फोर-एमसाठी कळवावे. मी पंचांग काढून बसलो.