किडक्या रताळ्यांनी मला लावण बदलायला लावली

चंदगड तालुक्यात आमची 30 गुंठे तांबडी जमीन. मृगाला रताळी लावायची आणि नवरात्रात बेळगावच्या बाजारात न्यायची, हे आबांच्या उमेदीपासून चालत आलेलं. 2021 च्या नवरात्रात व्यापाऱ्याने पोत्यातलं एक रताळं मोडलं आणि पोतं बाजूला सारलं. आत काळ्या भुयारांची जाळी. निम्मी पोती परत आणली. किडकं रताळं उकडलं तरी कडूच लागतं.

हा सोंड्या भुंगा. मोठ्या मुंगीएवढा, निळसर काळा, मान लालसर. तो जमिनीतूनच येतो असं आम्ही धरून चाललो होतो. कृषी सहायकांनी आमच्याच वेलाचा जाड बुडखा चिरून दाखवला, तर आत पांढरी अळी. भुंग्याची मादी तिथेही अंडी घालते. म्हणजे विहिरीकडेला राखलेल्या जुन्या वेलातून दरवर्षी कीड आम्हीच रानात नेऊन लावत होतो. हे कळल्यावर मला फार वाईट वाटलं.

मग बेण्यापासून सुरुवात केली. मार्चमध्ये निवडक निरोगी कंद वाफ्यात लावले, त्यांचे वेल पुढे दीड गुंठ्यात वाढवले आणि लावणीला फक्त शेंड्याकडचे वीतभर तुकडे घेतले. दोन फुटांवर वरंबे, आठ इंचांवर तुकडा. सगळ्या रानाला असे 25,000 तुकडे लागतात. आबा म्हणाले, "कोवळा शेंडा पावसात कुजंल. दहा गुंठ्यात बघ, बाकीचं माझं मी लावतो." त्यांचंही खरं होतं, वर्षाचा पैसा त्याच रानातून यायचा.

शेंडे जगले. कष्टाचं काम पुढे होतं. आमच्याकडच्या पावसात वरंबा धुपतो आणि रताळी उघडी पडतात. भाद्रपदात उघडीप मिळाली की माती भेगाळते. भुंग्याला माती उकरता येत नाही, तो या भेगांतूनच कंदापर्यंत पोचतो. म्हणून महिन्याने एकदा आणि दोन महिन्यांनी पुन्हा मातीची भर लावली. दुसऱ्या भरणीला वेल इतके माजलेले असतात की ते उचलून धरायला एक माणूस आणि माती ओढायला दुसरा लागतो. बायको आणि मी आठवडाभर वाकून होतो. दर गुंठ्याला एक कामगंध सापळाही लावला, म्हणजे मादीच्या वासाने नर भुंग्याला ओढणारा सापळा. त्यात नरच सापडतात, अंडी घालणारी मादी नाही, त्यामुळे भरणी टाळता येत नाही. युरियाचा हातही आखडता घेतला, नाहीतर नुसता पालाच वाढतो.

पहिल्या वर्षी माझ्या दहा गुंठ्यांत मधल्या सऱ्या स्वच्छ निघाल्या, आबांच्या बाजूच्या किडल्या. आबांनी स्वतः दोन्हीकडची रताळी मोडून पाहिली. काही बोलले नाहीत, पण विहिरीकडेचा जुना वेल त्यांनीच उपटून जाळला.

पुढच्या वर्षीपासून सगळं रान याच पद्धतीने. तरी शेजारच्या बांधालगतच्या दोन सऱ्या अजून किडतात, कारण तिकडचं बेणं जुनंच आहे. यंदा मृगाच्या आधी आबा त्यांच्याकडे आमच्या शेंड्यांचे चार भारे पोचवून आले.